वर्षाच्या टार्गेटचा आढावा कसा घ्यावा: खानदेशातल्या छोट्या कलाव्यावसायिकांसाठी

लग्नाचे फोटो काढणारे, पत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करणारे, ब्लाउज-लेहंगे शिवणाऱ्या, मेंदीच्या ऑर्डर घेणाऱ्या, घरून केक करणाऱ्या, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ बनवणारे, मूर्तिकार. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असे व्यवसाय एकट्याच्या किंवा नवरा-बायकोच्या जिवावर चालतात. यातले बहुतेक जण वर्षाचा आढावा घेतो असं सांगतात, पण प्रत्यक्षात ३१ डिसेंबरच्या रात्री वहीच्या कोऱ्या पानावर नवी टार्गेट लिहितात. मागच्या वर्षीचं पान उघडलंच जात नाही. मग तेच टार्गेट तिसऱ्या वर्षीही नवं म्हणून लिहिलं जातं.

आढाव्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मोजायचं, मग कारण शोधायचं, शेवटी पुढचं ठरवायचं. हा क्रम उलटा झाला की आकडे आपल्या इच्छेप्रमाणे वाचले जातात. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका. दोन अर्धे दिवस पुरतात. पहिल्या दिवशी फक्त मोजणी, दुसऱ्या दिवशी विचार.

तयारी १: आढाव्याची वेळ निवडा

डिसेंबर ही लग्नाच्या कामात असलेल्यांसाठी सगळ्यात चुकीची वेळ आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झालेले असतात, अल्बम अडकलेले असतात, आणि कापसाचा पैसा नुकता गावात यायला लागलेला असतो. त्या वेळी मनात येणारं उत्तर एक तर फार आनंदाचं असतं, नाही तर फार थकलेलं.

सीझन संपल्यापासून महिन्याच्या आत बसा. लग्नावर चालणाऱ्यांनी आषाढी एकादशीनंतरचा आठवडा घ्यावा, कारण चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात. शिवणकाम करणाऱ्यांनीही आषाढातच उरकावं, कारण श्रावणात कानबाई आणि राखीच्या ऑर्डर आल्या की सवड मिळत नाही. मूर्तिकारांनी अनंत चतुर्दशीनंतर बसावं. सराफ, डाळ मिल किंवा मिरची-मसाल्याचे पॅकिंगवाले यांचं डिझाइन, कॅटलॉग आणि प्रॉडक्ट फोटोग्राफी करणाऱ्यांना एप्रिल सोयीचा, कारण त्यांचे ग्राहक मार्चअखेरच्या धांदलीतून तेव्हाच मोकळे होतात.

हिशेबासाठी मात्र तिथी धरू नका, तारीख धरा. लग्नाच्या कामाला १ जुलै ते ३० जून असं वर्ष बरं पडतं. सीएकडे जाणारं १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष वेगळं राहील. दोन्ही एकाच कागदावर आणू नका.

*लक्ष ठेवा:* अधिक मास आला की सीझन सरकतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे आणि आषाढी २५ जुलैला. म्हणजे ऐन मे-जूनमधला महिना लग्नाविना जातो आणि काही लग्नं जुलैत, पुढच्या हिशेबवर्षात पडतात. ती वहीत वेगळी दाखवा, नाही तर दोन्ही वर्षांची तुलना फसेल.

तयारी २: कागद जमवा, आठवण नको

बसण्याच्या आधीच हे सगळं एका फोल्डरमध्ये हवं:

- बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. यूपीआयचे पैसे दोन-तीन खात्यांत येत असतील तर सगळ्या खात्यांचं.
- रोख घेतलेल्या पैशांची नोंद. वही नसेल तर व्हॉट्सॲपमध्ये ‘ॲडव्हान्स’, ‘बयाणा’, ‘बाकी’ हे शब्द शोधा. बरंच सापडतं.
- ऑर्डरची डायरी किंवा मोबाइलचं कॅलेंडर.
- अल्बमवाला, फ्लेक्स प्रिंटर, सुरतहून आणलेलं कापड, मदतनीस, गाडीभाडं यांची बिलं.
- मागच्या वर्षी लिहिलेली टार्गेट, जशी लिहिली होती तशी.

घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालत असेल तर पहिला दिवस त्यातच जाईल. स्टेटमेंटची प्रिंट काढा आणि दोन रंगांच्या पेनांनी प्रत्येक ओळीवर खूण करा: ही घराची, ही कामाची. किराणा, मुलांची फी, गावाकडे पाठवलेले पैसे हे धंद्याचे खर्च नव्हेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून केलेला आढावा मी तरी खरा मानत नाही.

*तपासा:* मागच्या वर्षी काहीच लिहिलं नव्हतं? मग आठवणीतून टार्गेट बनवू नका. माणूस जे जमलं तेच ठरवलं होतं असं आठवतो. यंदा फक्त टप्पा १ ते ३ करा, आकडे जपून ठेवा आणि थेट टप्पा ६ वर जा.

टप्पा १: आलेले पैसे आणि घरी नेलेले पैसे

महिन्याप्रमाणे बारा ओळी करा. प्रत्येक ओळीत हातात आलेली रक्कम लिहा. बिल केलेली रक्कम नव्हे, आलेली. येणे बाकी वेगळ्या रकान्यात जाईल. पुढच्या सीझनच्या ॲडव्हान्सचाही वेगळा रकाना करा, कारण ते काम अजून व्हायचं आहे.

मग खर्च वजा करत खाली या. समजा, तालुक्याच्या गावात एक फोटो स्टुडिओ आहे. वर्षात झालेल्या कामांचे ७,२०,००० रुपये आले. त्या कामांवर थेट खर्च (मदतनीस कॅमेरामन, ड्रोन, अल्बम, एडिटिंग, प्रवास) ३,१०,००० रुपये. उरले ४,१०,०००. दुकानभाडं महिना ५,००० प्रमाणे ६०,०००. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क मिळून ३६,०००. कॅमेरा, लेन्स, कॉम्प्युटर मिळून ३,६०,००० रुपयांचं सामान आहे आणि ते पाच वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाची झीज ७२,०००. शेवटी हातात २,४२,०००, म्हणजे महिन्याला २०,००० च्या थोडं वर.

हा शेवटचा आकडा म्हणजे तुमचा पगार. ‘वर्षाला सात लाखांचा धंदा आहे’ हे वाक्य बाजूला ठेवा आणि पुढचे सगळे टप्पे या वीस हजारांना समोर ठेवून करा.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, झीज न धरणं. कॅमेरा बिघडला की मग कर्ज काढावं लागतं आणि ते संकट वाटतं. वास्तविक तो दर वर्षी झिजतच होता. दुसरी चूक म्हणजे इन्कम टॅक्सच्या कागदावरचा नफा खरा मानणं. अनुमानित पद्धतीने धंद्याचं रिटर्न भरणाऱ्यांना उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. ती करापुरती सोय आहे. तुमचा खरा नफा त्याहून बराच जास्त असेल किंवा कमीही असेल. आढाव्यासाठी खरा आकडाच काढा.

*तपासा:* सेवा देणाऱ्यांची आर्थिक वर्षातली उलाढाल २० लाखांपुढे जात असेल तर जीएसटी नोंदणी लागते. तुम्ही १५-१६ लाखांवर आला असाल तर पुढचे दर ठरवण्याआधीच सीएशी बोला. नोंदणी झाल्यावर करासकट दर सांगावा लागतो, आणि जुन्या दराने घेतलेलं बुकिंग तेव्हा अंगावर येतं.

टप्पा २: कामाच्या प्रकाराप्रमाणे तासाचा भाव

सगळ्यात जास्त शिकवणारा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. एकूण कमाई पाहून कोणतं काम वाढवायचं आणि कोणतं कमी करायचं ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रकाराचा तासाचा भाव काढावा लागतो.

तोच स्टुडिओ घेऊ. एका लग्नाचं पॅकेज ६०,०००. खर्च: दुसरा कॅमेरामन ६,०००, ड्रोन ५,०००, अल्बम ११,०००, एडिटिंग ९,०००, गाडी ३,०००. एकूण ३४,०००. उरले २६,०००. आता तास. हळद आणि लग्न मिळून २४ तास, आधीच्या बैठका ३, फोटो निवडणं १०, अल्बमची दुरुस्ती आणि त्यासाठीचे फोन १२, पोहोचवणं आणि बाकी वसुली ३. एकूण ५२ तास. भाव निघाला तासाला ५०० रुपये.

त्याच स्टुडिओत बाळाचं शूट ६,००० रुपयांचं होतं. खर्च १,४००. सजावट, शूट आणि एडिटिंग मिळून ६ तास. उरलेले ४,६०० भागिले ६, म्हणजे तासाला ७६७ रुपये. गावात मान लग्नाला आहे, आणि तासाचा भाव बाळाच्या शूटला. हे कागदावर मांडेपर्यंत लक्षातच येत नाही.

म्हणून लग्नं सोडा असं मी म्हणत नाही. एका लग्नातून पुढे डोहाळजेवण, बारसं, घरातलं दुसरं लग्न अशी कामं येतात. तीही त्या लग्नाच्या नावावर मोजून बघा. पण वरच्या उदाहरणात अल्बमच्या दुरुस्तीचे १२ तास डोळ्यांत खुपायला हवेत. ‘दोन वेळा दुरुस्ती मोफत, पुढे पानाप्रमाणे पैसे’ एवढं एक वाक्य बुकिंगच्या कागदावर आलं तर तेच लग्न चांगल्या भावाचं होतं.

प्रत्येक ऑर्डरचा हिशेब करायची गरज नाही. एका प्रकारातली तीन कामं घ्या, एक सोपं, एक मधलं, एक डोकेदुखीचं, आणि सरासरी काढा.

*लक्ष ठेवा: घरच्यांचे तास.* केकचे डबे बांधणारी सासू, फोटो निवडून देणारी बायको, मूर्तींना रंगाचा पहिला हात देणारा भाऊ यांचे तास मोजलेच जात नाहीत. ते मोजा आणि वहीत त्यांच्या नावाने लिहा. त्यांना पैसे देणार असाल किंवा नसाल, त्यांच्याशिवाय हे काम कितीला पडलं असतं हे कळलंच पाहिजे. नाही तर घरातलं माणूस आजारी पडतं त्या महिन्यात धंदा का बसला ते समजत नाही.

शिवणकाम करणाऱ्यांनी इथेच कपाट उघडावं. न विकलेलं कापड, लेस, अस्तर यांची खरेदी किंमत लिहा. वर्षभर हात न लागलेला माल पुढच्या वर्षाच्या खरेदीतून कमी करायचा.

टप्पा ३: येणे बाकी

बाकीचे तीन गट करा: दीड महिन्याच्या आतली, सहा महिन्यांच्या आतली, त्याहून जुनी. आपल्याकडे ‘कापूस विकू द्या, मग देतो’ हा वायदा बहुतेक वेळा खराच असतो. म्हणून शेतकरी घरांची बाकी जूनमध्ये बुडीत धरू नका, संक्रांतीपर्यंत वाट पाहा. संक्रांत उलटूनही न आलेली रक्कम मात्र उत्पन्नात धरणं थांबवा. मागत राहा, पण त्या पैशांवर खरेदी ठरवू नका.

दुकानं, संस्था, कंपन्या यांच्याकडची बाकी वेगळी. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल (सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटाची गरज नाही), तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरा दिल्यास व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. पहिल्याच पत्रात कायदा दाखवू नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘देय तारीख’ छापा. एवढ्यानेही पुष्कळ बिलं वेळेवर निघतात.

पहिला दिवस इथे संपवा. त्याच रात्री निष्कर्ष काढू नका.

टप्पा ४: जुनं टार्गेट आणि त्याचं खरं कारण

आता मागच्या वर्षीचं पान काढा. शब्द बदलू नका. ‘इन्स्टाग्राम वाढवायचं’ असं लिहिलं असेल तर तसंच राहू द्या. प्रत्येकापुढे चारपैकी एकच शेरा लिहा: झालं, अर्धं झालं, सुरूच केलं नाही, ठरवायलाच नको होतं.

मग कारण. इथे घाईने ‘मेहनत कमी पडली’ किंवा ‘मार्केट डाउन होतं’ असं लिहून लोक मोकळे होतात. दोन्हींतून काही हाती लागत नाही. कारणाचे दोन भाग करा: माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं.

हाताबाहेरचं खानदेशात बऱ्याचदा शेतातून येतं. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळाने केळी आडवी झाली की त्या गावांतली लग्नं लहान होतात, अल्बमची पानं कमी होतात. कापसाचा भाव पडला की साड्यांवरचं भरतकाम आधी कापलं जातं. हे तुमचं अपयश नव्हे, पण ते वहीत तारखेनिशी लिहिलेलं हवं, म्हणजे पुढच्या वर्षी एकाच पिकाच्या पट्ट्यावर किती अवलंबून राहायचं ते ठरवता येतं.

मुहूर्तांचं गणितही इथेच करा. ‘२५ लग्नं करायची होती, २० झाली, म्हणजे हरलो’ असं म्हणण्याआधी पंचांग काढून त्या वर्षात किती मुहूर्त होते ते मोजा. समजा मागच्या वर्षी ४८ तारखा होत्या आणि तुमच्या २४ भरल्या, म्हणजे निम्म्या. यंदा तारखाच ३६ आणि भरल्या २०, म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर. लग्नं कमी झाली, पण गावातली तुमची पकड वाढली. अधिक मास असलेल्या वर्षाची तुलना याच पद्धतीने करा.

हातातल्या कारणासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम करायला मी कॅलेंडरमध्ये कुठला दिवस राखला होता? दिवसच राखला नसेल तर कारण सापडलं. इच्छा होती, जागा नव्हती.

*तपासा:* ‘ठरवायलाच नको होतं’ हा शेरा एकदाही आला नसेल तर यादी पुन्हा वाचा. दुसऱ्याचं पाहून लिहिलेलं एखादं टार्गेट बहुतेक यादीत असतंच. पुण्यातल्या स्टुडिओसारखा सेटअप, शेजारच्या बुटीकसारखी दुसरी शाखा, असं काही तरी. ते ओळखून काढून टाकणं हीसुद्धा आढाव्याची कमाई आहे.

टप्पा ५: ग्राहक आणि स्वतःचं काम

प्रत्येक ऑर्डर कुठून आली ते एका शब्दात लिहा: ओळख, जुना ग्राहक, मंगल कार्यालय, केटरर, इन्स्टाग्राम, रस्त्यावरचा बोर्ड. ज्या मार्गाने सगळ्यात चांगल्या भावाची कामं आली तिथल्या माणसांना याच आठवड्यात फोन करा. युट्यूब चॅनल चालवणाऱ्यांनी व्ह्यूज आणि उत्पन्न वेगळे मांडावेत. गाण्याला लाखो व्ह्यूज आले तरी कार्यक्रमाचं बोलावणं किंवा जाहिरात आली का, हे पाहावं लागतं.

नंतर वर्षातली पाच कामं निवडा, जी पुन्हा पाहताना बरं वाटतं. ग्राहकाला आवडलेली नव्हे, तुम्हाला आवडलेली. ती समोर ठेवून पाहा: यातली किती पैसे देणाऱ्या कामांत झाली? एकही नसेल तर तुमचा धंदा आणि तुमची कला वेगवेगळ्या दिशेला निघाली आहे, आणि पुढच्या वर्षीच्या तीन टार्गेटांपैकी एक त्यासाठीच राखायला हवं. आकड्यांच्या वहीत या पानाला जागा द्या. ते आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

टप्पा ६: पुढच्या वर्षासाठी तीनच

तीनपेक्षा जास्त नको: एक पैशाचं, एक कामाच्या दर्जाचं, एक घराचं किंवा तब्येतीचं. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: आकडा, शेवटची तारीख, येत्या सात दिवसांत करायची पहिली कृती, आणि या टार्गेटसाठी काय सोडणार. चौथी गोष्ट लिहिली नाही तर टार्गेट कच्चं राहतं.

कच्चं: ‘दर वाढवायचे.’

पक्कं: ‘तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या बुकिंगना लग्नाचं पॅकेज ६६,०००. नवं दरपत्रक आषाढ संपण्याआधी छापायचं. या रविवारी अल्बमवाल्याकडून नवे भाव घ्यायचे. ३५,००० च्या आतली एकदिवसीय लग्नं सोडायची.’

दर ठरवताना टप्पा १ चा पगार आणि टप्पा २ चा तासाचा भाव समोर हवा. गावातल्या दुसऱ्या स्टुडिओचा दर शेवटी पाहायचा, आधी नाही. आणि जुन्या दराने शब्द दिला असेल तर तो पाळायचा. लहान गावात तो शब्दच तुमची जाहिरात असतो.

घराच्या टार्गेटला लोक हसतात, पण सीझनमध्ये सलग पंधरा रात्री जागून पुढचा महिना आजारी काढणारे फोटोग्राफर आणि मेंदीवाल्या मुली मी पाहिल्या आहेत. ‘सलग चार तारखांनंतर एक दिवस बंद’ हेही पक्कं टार्गेट आहे.

*तपासा:* तीनही टार्गेट घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. ‘काय सोडणार’ या ओळीवर घरचे हरकत घेत असतील तर ते आत्ताच मिटवा. लग्नसराईत नातेवाइकाचं अर्ध्या पैशातलं काम येतं तेव्हा ही ओळच कामाला येते.

टप्पा ७: मधल्या तीन तपासण्या

वर्षभर टार्गेट नुसतं टांगून ठेवू नका. तीन वेळा, प्रत्येकी एक तास बसा.

दसऱ्याला: नवे दर बुकिंगच्या कागदावर आले का, पहिल्या कृती झाल्या का, कापड आणि साहित्याची खरेदी ठरल्याएवढीच झाली का.

संक्रांतीला: बाकी किती वसूल झाली. कापसाचे पैसे तोवर बऱ्याच घरांत आलेले असतात, त्यामुळे राहिलेल्यांना फोन करायचा दिवस हाच.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला): सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आपल्याकडे याच दिवशी भरतं आणि नवं ठरतं, तेव्हा मदतनीस आणि दुसऱ्या कॅमेरामनचा हिशेब, पुढचे दर आणि तारखा याच सुमाराला बोलून घ्या. ऐन मुहूर्ताच्या दिवशी तुम्ही कामावर असाल, म्हणून आदल्या आठवड्यातला एक तास धरा. या तपासणीत टार्गेट बदलायचं नाही. फक्त कुठवर आलो ते लिहायचं आणि त्या कागदाचा फोटो आढाव्याच्या फोल्डरमध्ये टाकायचा, म्हणजे आषाढात पुन्हा बसाल तेव्हा पहिला कागद तयार असेल.